तुमच्या गावचं टपाल दुपारनंतरच का येतं? डाकसेवकाच्या दिवसाचं घड्याळ समजून घ्या

चंद्रपूर-गडचिरोली : गावात डाकवाला दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "माह्या नावानं काही आलं का जी?" आलं असेल तर लगेच दुसरा प्रश्न. "मंग इतके दिवस काहून लागले?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना कोणी नीट सांगत नाही. आता परीक्षेचं प्रवेशपत्र मोबाईलवर येतं, निकालही मोबाईलवर लागतो. पण पॅन कार्ड, एटीएम कार्ड, मतदार ओळखपत्र, गाडीचं लायसन्स, विम्याचे कागद, नोकरीचं नियुक्तीपत्र आणि कोर्टाची नोटीस आजही बहुतेक वेळा टपालानेच घरी येते. यातला एखादा कागद "पत्ता अपुरा" म्हणून परत गेला तर खातं अडतं, नोकरी हुकते, तारीख निघून जाते. म्हणून हा कागद तुमच्या दारापर्यंत कसा येतो आणि कुठे अडतो, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

डाकवाला नेमका कोण?

शहरात खाकी कपड्यातला पोस्टमन असतो, तो टपाल खात्याचा पूर्णवेळ कर्मचारी. आपल्या गावात येतो तो बहुतेक वेळा ग्रामीण डाकसेवक. लोक दोघांनाही पोस्टमनच म्हणतात, पण दोघांची नोकरी वेगळी आहे.

गावच्या डाकघराला शाखा डाकघर म्हणतात. ते चालवणारे शाखा डाकपाल, म्हणजे लोकांच्या भाषेत पोस्टमास्तर. त्यांच्यासोबत टपाल वाटणारे आणि थैली नेणारे सहायक शाखा डाकपाल. काही शाखांमध्ये एकच माणूस ही दोन्ही कामं करतो. हे सगळे ग्रामीण डाकसेवकच. काही शाखांची थैली मोठ्या डाकघरातून आणायला वेगळा माणूस असतो, तर काही ठिकाणी वाटप करणाराच थैली आणतो.

ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची आहे. तेव्हा गावातल्या शाळामास्तरला किंवा दुकानदाराला फावल्या वेळात टपालाचं काम दिलं जायचं. टपाल एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात नेणाऱ्या हरकाऱ्याच्या भाल्याला घुंगरं बांधलेली असायची. त्या आवाजाने रस्ता मोकळा व्हायचा आणि जंगलातली जनावरंही दूर जायची. भाला गेला, सायकल आली, आता मोटारसायकल आहे. पण "फावल्या वेळातलं काम" हा हिशोब कागदावर अजून तसाच राहिला आहे. त्याबद्दल पुढे वाचा.

पत्र पुण्यातून निघालं, मग कुठं गेलं?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचं टपाल खात्याच्या "चांदा विभागा"खाली येतं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला, तरी टपालाच्या कारभारात दोघांची चूल एकच आहे.

पुण्या-मुंबईचं पत्र आधी छाननी केंद्रात जातं. तिथे पिनकोड बघून वेगवेगळ्या थैल्या भरल्या जातात. मग रेल्वेने किंवा रस्त्याने ते विदर्भात येतं, तिथून मोठ्या डाकघरात आणि पुढे तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या उपडाकघरात. गावच्या शाखेची थैली या उपडाकघरात भरली जाते. शाखेचा पैशाचा हिशोबही तिथेच असतो.

गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे जागा मोठी, माणसं विखुरलेली आणि मधे जंगल. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. एवढं अंतर बहुतेक रस्त्यानेच कापावं लागतं, कारण या जिल्ह्यात रेल्वे वर्षानुवर्षं फक्त वडसा स्टेशनाला शिवून जात होती. पुण्याहून नागपूरपर्यंत पत्र जितक्या लवकर येतं, तितक्या लवकर ते नागपूरहून एटापल्लीच्या आतल्या टोल्यावर जात नाही, याचं मोठं कारण हे आहे.

रस्ता झाला की टपालाचाही फायदा होतो. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते वांगेतुरी-गर्देवाडा-गट्टा-अहेरी ही एसटी बस सुरू झाली. त्या पट्ट्यात स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच लालपरी पोहोचली. जिथे बस जाते तिथे माणसासोबत कागदही लवकर जातो.

सकाळ : थैली येईपर्यंत काहीच हलत नाही

वेळा गावागावात वेगळ्या असतात, पण क्रम सगळीकडे जवळपास सारखाच.

सकाळी उपडाकघरात आलेलं टपाल शाखांप्रमाणे वेगळं होतं. प्रत्येक शाखेची थैली बांधून तिला सील लावतात. आत साधी पत्रं, स्पीड पोस्ट, पार्सल, लागली तर रोख रक्कम आणि सोबत एक यादी असते. ही थैली कुठे एसटीने फाट्यापर्यंत येते, कुठे डाकसेवक स्वतः मोटारसायकलने जाऊन आणतो. येताना तो आदल्या दिवशीची गावची थैली तिकडे जमा करतो.

म्हणजे गावातून तुम्ही आज दुपारी टाकलेलं पत्र बहुतेक वेळा उद्या सकाळच्या थैलीने निघतं. आणि उपडाकघरात आज दुपारी आलेलं पत्र उद्याच्या थैलीत भरलं जातं. मोबाईलवर ट्रॅकिंग बघून "माझं पत्र तर काल दुपारीच अहेरीला आलं" असं आपण म्हणतो. ते खरं असतं. पण अहेरीला येणं म्हणजे गावात येणं नव्हे. मधे एक रात्र आणि एक थैली असते.

थैली शाखेत आली की पोस्टमास्तर आधी सील बघतात. सील तुटलेलं असेल तर ते वर कळवावं लागतं. मग थैली उघडून यादीप्रमाणे एकेक वस्तू आणि रोख मोजतात. ज्या टपालावर सही घ्यायची असते, त्याची नोंद मशीनमध्ये होते. हे झाल्याशिवाय डाकसेवक एकही पत्र घेऊन बाहेर पडू शकत नाही. तुम्ही सकाळी नऊला डाकघरात जाऊन "माझं द्या न" म्हटलं आणि पोस्टमास्तर म्हणाले "थैली यायची आहे", तर ते टाळत नसतात.

दुपार : एक माणूस, अनेक टोले

यादी झाली की डाकसेवक वाटपाला निघतो. एका शाखेखाली एकच गाव नसतं. चार-पाच गावं, त्यांचे टोले, जिवतीकडे गुडे, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली कॅम्प, असं सगळं एका शाखेला जोडलेलं असू शकतं. नवीन शाखा उघडण्याचे निकषच तसे आहेत. साधारण ग्रामीण भागात ३,००० लोकसंख्येच्या गावसमूहाला एक शाखा, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात १,००० ला एक. आपल्याकडे १,००० माणसं गोळा करायची म्हणजेही बरंच जंगल पार करावं लागतं.

त्यामुळे काही शाखांमध्ये वार ठरलेले असतात. एका बाजूची गावं एका दिवशी, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. आपल्या गावाचा वार कोणता, हे पोस्टमास्तरला एकदा विचारून ठेवा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

वाटेत काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली या पट्ट्यात वाघाची भीती रोजची आहे. भल्या पहाटे आणि दिवस मावळताना जंगलरस्ता टाळा, असं वनविभाग सगळ्यांनाच सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला लोक पहाटेच रानात जातात आणि तेव्हाच हल्ल्यांच्या बातम्या वाढतात. डाकसेवकाला हाच रस्ता एकट्याने कापायचा असतो. शेवटच्या टोल्यावरून दिवस असतानाच परत फिरायचं तर तिथे फार वेळ थांबता येत नाही. "दारात आला अन् लगेच निघून गेला" असं वाटतं, त्यामागे हेही कारण असतं.

पावसाळ्यात नदी-नाल्यांचा हिशोब वेगळा. पर्लकोटा चढली की आलापल्ली-भामरागड रस्ता बंद पडतो. गोसीखुर्दची दारं उघडली की खाली वैनगंगा फुगते आणि आष्टी-गोंडपिपरी मार्गावर पाणी येतं. लहान नाल्यांवरचे रपटे तर एका जोराच्या पावसातच बुडतात. अशा वेळी थैली उपडाकघरातच थांबते. रस्ता उघडला की चार दिवसांचं टपाल एकदम येतं आणि वाटपाला पुन्हा एक-दोन दिवस जास्त लागतात. पुराच्या आठवड्यात कोणत्या तारखेच्या आत हजर राहायचं असं पत्र येणार असेल, तर वाट बघू नका. ट्रॅकिंग नंबर घेऊन डाकघरात चौकशी करा.

"दार बंद" का लिहितात?

पत्र देता आलं नाही तर डाकसेवकाला कारण लिहावं लागतं. नेहमीचे शेरे चार : दार बंद, पत्ता अपुरा, गाव सोडून गेले, घेण्यास नकार.

आपल्या भागात "दार बंद" हा शेरा हंगामाप्रमाणे वाढतो. रोवणीच्या दिवसांत अख्खं घर बांधीत असतं. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी पहाटेपासून रानात, संध्याकाळी फळीवर. जानेवारीनंतर कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि दोन-तीन महिने परत येत नाहीत. डाकसेवक दुपारी येतो आणि नेमकी तीच वेळ आपण घरी नसण्याची असते.

सहीचं टपाल देता आलं नाही तर ते लगेच परत जात नाही. डाकघरात साधारण सात दिवस ठेवतात आणि मग पाठवणाऱ्याकडे परत पाठवतात. डाकघरात जाऊन ओळखपत्र दाखवलं तर या सात दिवसांत ते घेता येतं. मिरचीला जाताना पोस्टमास्तरला तुमचा मोबाईल नंबर द्या आणि तुमच्या वतीने कोण टपाल घेईल त्याच्या नावाने सहीची चिठ्ठी देऊन जा. पाच मिनिटांचं काम आहे, पण एटीएम कार्ड परत मुंबईला जाण्यापासून वाचतं.

"घेण्यास नकार" या शेऱ्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोर्टाची किंवा बँकेची नोटीस घेतली नाही म्हणजे आपण सुटलो, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. बरोबर पत्त्यावर आलेली नोटीस नाकारली, तर ती मिळाली असंच कोर्ट सहसा धरतं आणि खटला तुमच्या गैरहजेरीत पुढे जातो. नोटीस घ्या, वाचून घ्या, तारीख बघा आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे सल्ला मागा.

पत्ता लिहिण्यात होणारी चूक

पत्र उशिरा येण्याचं सगळ्यात मोठं आणि आपल्या हातातलं कारण म्हणजे पत्ता.

"मु. पो." आपण सवयीने एकत्र लिहितो. पण "मु." म्हणजे मुक्काम, तुम्ही राहता ते गाव. "पो." म्हणजे पोस्ट, जिथे शाखा डाकघर आहे ते गाव. दोन्ही एकच असतील तरच "मु. पो." बरोबर. तुमच्या गावात डाकघर नसेल तर मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं लिहा. नाही तर ऑनलाइन फॉर्मवरचा पत्ता वाचून छाननी करणाऱ्याला तुमचं पत्र कोणत्या थैलीत टाकायचं तेच कळत नाही.

दुसरी अडचण गावांच्या नावांची. नवेगाव या नावाची गावं आपल्याकडे किती आहेत ते मोजून बघा. शिवाय एकाच नावाला माल, चक, तुकूम, खुर्द, बुद्रुक असं जोडून वेगवेगळी गावं झालेली आहेत. हा शेवटचा शब्द आपण बोलताना सोडतो, पण लिहिताना सोडू नये. टोल्याचं नाव असेल तर तेही लिहा.

तिसरी अडचण माणसांच्या नावांची. एका गावात मडावी, आत्राम, कोवे, उसेंडी अशी एकेका आडनावाची वीस-पंचवीस घरं असतात आणि नावंही सारखी असतात. त्यामुळे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर लिहिलाच पाहिजे. डाकसेवक गावचाच असेल तर तो ओळखतो. बदली माणूस असेल तर त्याच्यासमोर एकाच नावाचे तीन जण उभे राहतात.

चौथी गोष्ट पिनकोडची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. यात सहा आकडे असतात. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा पट्टा. ४४ म्हणजे विदर्भ. पहिल्या तीन आकड्यांवरून छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून वाटपाचं डाकघर.

इथेच गोंधळ होतो. टपालाचा जिल्हा आणि आपला महसुली जिल्हा एकच नाही. चंद्रपूर ४४२४०१ आणि गडचिरोली ४४२६०५, पण ब्रह्मपुरी ४४१२०६ आणि देसाईगंज-वडसा ४४१२०७. म्हणजे वडसा गडचिरोली जिल्ह्यात असूनही त्याचा पिन ४४१ ने सुरू होतो. फॉर्म भरणारा मुलगा "जिल्हा गडचिरोली" बघून ४४२ चा पिन टाकून देतो आणि पत्र चुकीच्या थैलीत पडतं. तसंच शाखा डाकघराला स्वतःचा वेगळा पिन नसतो, त्याच्या उपडाकघराचाच पिन असतो. म्हणून एकाच पिनमध्ये पन्नास गावं येऊ शकतात. फक्त पिन बरोबर असून भागत नाही, पोस्टाचं नावही बरोबर हवं.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने "डिजिपिन" आणला आहे. सुमारे चार बाय चार मीटरच्या प्रत्येक जागेला दहा अक्षर-आकड्यांचा एक कोड. मोबाईलचं लोकेशन चालू करून तो काढता येतो. रानात एकटं घर असलेल्यांना पुढे त्याचा उपयोग होईल. पण तो नेहमीच्या पत्त्याच्या जागी नाही, सोबत लिहायचा आहे.

आता रजिस्ट्री नाही, स्पीड पोस्ट

१ सप्टेंबर २०२५ पासून जुनी रजिस्टर्ड पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळली आहे. "रजिस्ट्री करायची आहे" म्हणून गेलात तर आता स्पीड पोस्टच होते. पण एक फरक आहे. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं. ज्याच्या नावाचं आहे त्यालाच मिळावं असं वाटत असेल तर "नोंदणी"ची जादा सोय मागावी लागते. तिचे ५ रुपये आणि वर जीएसटी. ओटीपी सांगितल्यावरच टपाल द्यायचं, अशीही सोय आहे. जमिनीचे कागद, नोटीस, करारपत्र पाठवताना ही नोंदणी न विसरता मागा. पावती जपून ठेवा. तिच्यावरचा १३ अक्षर-आकड्यांचा नंबर हाच तुमचा पुरावा.

थैलीसोबत बँकही आली

आजच्या डाकसेवकाच्या पिशवीत पत्रांपेक्षा पैशाचं काम जास्त असतं. १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली. तेव्हापासून डाकसेवकाकडे मोबाईल आणि बोटाचा ठसा घेणारं मशीन आलं. तुमचं खातं कोणत्याही बँकेत असो, ते आधारला जोडलेलं असेल तर तो दारात येऊन एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढून देऊ शकतो. निराधार योजनेचे पैसे, लाडकी बहीणचे १,५०० रुपये, किसान सन्मानचा हप्ता, हे सगळं काढायला म्हाताऱ्या माणसाने काली-पिलीत बसून तालुक्याला जायची गरज उरली नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, रेंज. अनेक गावांत डाकसेवकाला नेटवर्क पकडायला टेकडीवर किंवा गावाबाहेर एखाद्या ठरलेल्या झाडाखाली जावं लागतं. दोन, बोटांचे ठसे. बांबू, धान, तेंदूपत्त्याच्या कामात बोटं झिजतात आणि मशीन ठसा घेत नाही. त्यासाठी पेमेंट्स बँकेने २०२५ मध्ये चेहरा ओळखून व्यवहार करण्याची सोयही सुरू केली आहे. ठसा येत नसेल तर त्याबद्दल विचारा.

रोख रकमेलाही मर्यादा आहे. शाखेत किती रोख ठेवायची हे ठरलेलं असतं. टपाल बचत खात्यातून शाखा डाकघरात एका दिवशी २०,००० रुपयांपर्यंत काढता येतात, पण तेवढी रोख त्या दिवशी शाखेत असेलच असं नाही. लग्न, दवाखाना, रोवणीची मजुरी यासाठी मोठी रक्कम हवी असेल तर एक-दोन दिवस आधी पोस्टमास्तरला सांगा. ते वरून रोख मागवतात आणि ती सकाळच्या थैलीतून येते.

व्यवहार करताना सावध राहा. मशीनवरचा आकडा वाचल्याशिवाय अंगठा लावू नका. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला जवळ उभं करा. "झालं नाही, पुन्हा लावा" म्हटलं तर आधी बँकेचा मेसेज बघा. बचत खात्यात पैसे भरले की पावती घ्या किंवा पासबुकात नोंद आणि शिक्का त्याच वेळी करून घ्या. हा अविश्वास नाही. यात तुमचंही भलं आहे आणि प्रामाणिक डाकसेवकाचंही.

चार तासांचा पगार, दिवसभराचं काम

वाटप करून आल्यावर डाकसेवकाचा दिवस संपत नाही. न दिलेलं टपाल आणि रोख पोस्टमास्तरकडे परत करायची, नोंदी मशीनमध्ये चढवायच्या, दिवसाचा हिशोब जुळवायचा, गावातून आलेलं टपाल थैलीत भरून सील करायचं. रेंज नसेल तर नोंदी जुळेपर्यंत थांबायचं. हिशोबात दहा रुपये कमी आले तरी ते त्यांनाच भरावे लागतात.

या कामाची कागदावर वेळ आहे दिवसाला चार ते पाच तास. १ जुलै २०१८ पासून सहायक शाखा डाकपाल आणि डाकसेवकाचा मूळ भत्ता चार तासांसाठी १०,००० आणि पाच तासांसाठी १२,००० रुपयांपासून सुरू होतो. पोस्टमास्तरांचा १२,००० आणि १४,५०० पासून. त्यावर महागाई भत्ता मिळतो. याला पगार म्हणत नाहीत, "वेळेशी निगडित सातत्य भत्ता" म्हणतात. आपलं उत्पन्नाचं दुसरंही साधन आहे, असं भरतीच्या वेळी मान्य करावं लागतं. डाकघराची जागाही पोस्टमास्तरांनीच बघायची, म्हणून अनेक गावांत डाकघर म्हणजे त्यांच्याच घराची एक खोली असते. भरतीच्या अटीत सायकल चालवता येणं आहे. मोटारसायकल येत असेल तर सायकल येते असं धरलं जातं.

सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सांगितलं की ही माणसं सरकारी पदावरच काम करतात. तरीही नियमित कर्मचाऱ्याची पेन्शन आणि वेतनश्रेणी त्यांना लागू झाली नाही. आठ तासांचं काम धरा, नियमित करा, पेन्शन द्या, या त्यांच्या जुन्या मागण्या आहेत. मे-जून २०१८ मध्ये देशभरातले ग्रामीण डाकसेवक दोन आठवड्यांहून जास्त संपावर होते. तेव्हा गावागावांत थैल्या पडून राहिल्या होत्या. त्यानंतर भत्ता वाढला, पण तासांचा हिशोब तसाच आहे. मैदानी गावातले चार तास आणि कोरची-भामरागडच्या जंगलातले चार तास सारखे कसे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

याचा अर्थ डाकसेवक चुकतच नाही असा नाही. टपाल दिलं नाही, न येताच "दार बंद" लिहिलं, पैसे काढून देताना वर पैसे मागितले, असं झालं तर तक्रार करायलाच हवी. आधी पोस्टमास्तर, मग उपडाकघर, त्यानंतर चंद्रपूरला विभागाच्या डाक अधीक्षकांकडे लेखी अर्ज. टपाल खात्याचा टोल फ्री नंबर १८०० २६६ ६८६८ आहे. तक्रारीत ट्रॅकिंग नंबर, तारीख आणि शाखेचं नाव लिहा. नंबर नसेल तर शोध घेणं फार कठीण जातं.

एवढं आजच करून ठेवा

- आपलं शाखा डाकघर, उपडाकघर आणि पिनकोड कोणता ते विचारून मोबाईलमध्ये लिहून ठेवा.
- पत्ता असा लिहा : पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, टोला किंवा वॉर्ड, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड, मोबाईल नंबर.
- आधार, बँक आणि मतदार यादीत हाच पत्ता आहे का बघा. चुकीचा असेल तर सेतू केंद्रातून किंवा संबंधित कार्यालयातून दुरुस्त करा.
- आपल्या गावाचा वाटपाचा वार आणि थैली येण्याची वेळ विचारून घ्या.
- महत्त्वाचा कागद येणार असेल तर ट्रॅकिंग नंबर पोस्टमास्तरला आधीच सांगा.
- बाहेरगावी कामाला जाताना टपाल घेणाऱ्याच्या नावाने चिठ्ठी देऊन जा.
- घरावर नाव आणि घर क्रमांक रंगवून घ्या. खडूने लिहिलं तरी चालेल, पण पाऊस पडला की पुन्हा लिहा.

यातलं पत्त्याचं काम घरातल्या दहावी-बारावीच्या मुला-मुलीवर सोपवा. पुढच्या काही वर्षांत सगळ्यात जास्त फॉर्म तेच भरणार आहेत, आणि नियुक्तीपत्रही त्यांच्याच नावाने यायचं आहे.